कापसाच्या मुलखातला पँथर
दलित पँथर : संघटनेचा इतिहास

पँथर पहिल्यांदा उमटला तो निवडणुकीची निशाणी म्हणून. अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा नावाचे राज्य आहे आणि त्या राज्यात लाउंड्स नावाचा परगणा. काळी माती, कापूस, थोडे मळेवाले आणि बाकीचे सगळे त्यांच्या शेतात वाट्याने किंवा मजुरीने राबणारे. शंभरातली ऐंशी माणसे काळी. तरीही १९६५ साल उजाडले तेव्हा मतदार यादीत एकाही काळ्या माणसाचे नाव नव्हते. गोऱ्यांची नावे मात्र पात्र गोऱ्यांच्या संख्येपेक्षा जास्त होती. मेलेली आणि गाव सोडून गेलेली माणसेसुद्धा तिथे इमानेइतबारे मतदार म्हणून नांदत होती. आपल्याकडच्या वाचकाला हे फार समजावून सांगावे लागू नये.

मार्टिन ल्यूथर किंग यांचा सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा १९६५ च्या मार्चमध्ये याच परगण्यातून गेला. मोर्चा संपला त्याच रात्री व्हायोला लिउझो या गोऱ्या कार्यकर्तीला याच रस्त्यावर गोळ्या घालून मारले. मोर्चा पुढे गेला तरी स्टोकली कार्मायकेल हा तरुण कार्यकर्ता आणि त्याचे विद्यार्थी सहकारी मागे राहिले आणि गावातल्या जॉन ह्यूलेट यांच्यासारख्या माणसांबरोबर घरोघरी फिरून मतदार नोंदणी करू लागले. नाव नोंदवले की मळेवाला घर खाली करायला सांगे. अशी बेघर झालेली कुटुंबे हमरस्त्याच्या कडेला तंबू ठोकून राहिली. त्या वस्तीचे नावच टेंट सिटी पडले. मग या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. अलाबामात डेमोक्रॅटिक पक्षाची निशाणी पांढरा कोंबडा होती. शिक्षण नाकारल्या गेलेल्या मतदारांना ओळखता येईल अशी आपली निशाणी हवी, म्हणून झेप घेणारा काळा पँथर आला. हे चित्र अटलांटाच्या क्लार्क कॉलेजच्या बोधचिन्हावरून घेतलेले होते. नोव्हेंबर १९६६ च्या निवडणुकीत पक्षाचे सातही उमेदवार पडले. मळेवाल्यांनी आपल्या कुळांना ट्रकमध्ये घालून आपल्याला हवे तसे मतदान करायला आणले होते.

ती निशाणी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात पोहोचली. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. काळी बेरेट टोपी, चामड्याचे जॅकेट, एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात कायद्याचे पुस्तक घेऊन पोलिसांच्या गाडीमागे गस्त घालायची, असा त्यांचा खाक्या. जगभर छापले गेले ते हे छायाचित्र. १९६९ पासून ते शाळकरी पोरांना सकाळचा नाश्ता फुकट देत होते, हे कमी छापले गेले. त्याच वर्षी ४ डिसेंबरला शिकागोत पोलिसांनी पहाटे घरात घुसून पक्षाचा तिथला नेता फ्रेड हॅम्प्टन याला मारले. त्याचे वय अवघे एकवीस होते.

दलित पँथरचा इतिहास सांगणारे बहुतेक जण मुंबईच्या कामाठीपुऱ्यापासून सुरुवात करतात आणि वरळीच्या दंगलीनंतर, संघटनेच्या फुटीपाशी थांबतात. ही स्मरणिका लोह्यात वाचली जाणार आहे, म्हणून इथे वेगळी वाट धरली आहे. पँथरची मूळ भूमी कापूस, कूळ, मजुरी आणि सावकारी यांची आहे, म्हणजे नांदेड जिल्ह्याला परकी नसलेली. शहरांनी त्याला आवाज दिला. पण मराठवाड्याच्या खेड्यांत तो रुजला तेव्हा मुंबईतली संघटना बरखास्त झालेली होती, आणि माझ्या मते तिचे सर्वांत जड काम त्यानंतरच झाले.

काळ्या अमेरिकेशी मराठी माणसाचे नाते पँथरच्या शंभर वर्षे आधीचे आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. पुण्यात बसून लिहिणाऱ्या माणसाला गुलामगिरी संपवणाऱ्या तिथल्या यादवी युद्धाची बातमी आपल्या घरची वाटली. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, आणि ते विद्यापीठ न्यूयॉर्कमध्ये हार्लेमच्या अगदी लगत आहे. पुढे १९४६ च्या जुलैत त्यांनी तिथले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज गेल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. अस्पृश्यांनीही तसे पाऊल उचलावे असे त्यांना वाटत होते, म्हणून त्यांनी अर्जाच्या प्रती मागितल्या. ३१ जुलैला डू बॉइस यांनी उत्तर लिहिले. बाबासाहेबांचे नाव आपण ऐकून आहोत आणि अस्पृश्यांच्या प्रश्नाबद्दल आपल्याला पूर्ण सहानुभूती आहे, असे त्यांनी कळवले. दोन छोटी पत्रे, तीही कामापुरती. पण पँथरच्या स्थापनेआधी सव्वीस वर्षे हा पूल बांधला गेला होता.

त्या पुलाचे मराठवाड्यातले टोक म्हणजे औरंगाबादचा नागसेनवन परिसर. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. तोवर निजामाच्या राजवटीतून सुटून दोनच वर्षे झाली होती आणि नांदेड, परभणी, बीडच्या गावकुसाबाहेरच्या पोरांना कॉलेज हा शब्दही नवा होता. लोहा, कंधारकडचा मुलगा एसटीने नांदेडला येई आणि तिथून मीटरगेजच्या गाडीने औरंगाबाद गाठी. वसतिगृहात त्याला खाट मिळे, दोन वेळचे जेवण मिळे आणि पुस्तके मिळत. पँथरच्या मराठवाड्यातल्या इतिहासात या वसतिगृहांचे स्थान किती मोठे आहे, हे अजून कुणी नीट लिहिलेले नाही. सभा आणि मोर्चे लोकांच्या लक्षात राहतात, खानावळीतल्या चर्चा राहत नाहीत.

मिलिंदचे प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी साठच्या दशकात अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातून पीएच.डी. केली होती. अमेरिकेचा दक्षिण भाग तेव्हा पेटलेला होता. उपाहारगृहात काळ्या माणसाला जेवायला बसू देत नाहीत म्हणून विद्यार्थी तिथे ठाण मांडत होते. वानखेडे परत आले ते काळ्या लेखकांचे साहित्य मनात घेऊन. त्या लेखकांनी केले ते तुम्ही का करू नये, असा त्यांचा दलित लेखकांना सवाल होता. १९६७ साली मिलिंदच्याच परिसरातून ‘अस्मिता’ त्रैमासिक निघाले आणि पुढच्याच वर्षी ते ‘अस्मितादर्श’ झाले. संपादक गंगाधर पानतावणे यांनी ते पन्नास वर्षांच्या आसपास चालवले. जाहिरात नाही, मोठा वर्गणीदार नाही, तरीही अंक निघत राहिला.

या मंडळींत आपल्या भागाचे मोठे नाव जनार्दन वाघमारे यांचे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून आज लोक त्यांना ‘लातूर पॅटर्न’शी जोडतात, आणि त्यात चूक काही नाही. पण त्याआधीपासून हा इंग्रजीचा प्राध्यापक काळ्या अमेरिकन लेखकांवर मराठीत लिहीत होता. ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हे त्यांचे पुस्तक. रिचर्ड राइट, लँग्स्टन ह्यूज, जेम्स बाल्डविन ही नावे मराठवाड्यातल्या कितीतरी वाचकांनी पहिल्यांदा अशा मराठी लेखनातच वाचली. राइट हा मिसिसिपीतल्या वाट्याने शेती करणाऱ्याचा मुलगा. त्याचे बालपण वाचताना परभणी-नांदेडच्या पोराला अनोळखी वाटावे असे त्यात फारसे काही नव्हते. पुढे १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि १९७९ मध्ये मिलिंदमध्येच शिकवणाऱ्या प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’. ही पुस्तके परक्यांची नक्कल आहेत, असा आरोप तेव्हा काही समीक्षकांनी केला. ज्याच्या वाट्याला उपास आला त्याला उपास कसा लिहावा हे अमेरिकेकडून शिकावे लागत नाही. तो लिहिण्यासारखा विषय आहे एवढे धैर्य फार तर शेजाऱ्याकडून मिळते.

आता १९७२. मराठवाड्यात ते वर्ष दुष्काळाचे म्हणूनच ओळखले जाते. खडी फोडणे, सुकडी, आटलेल्या विहिरी. दुष्काळात गावकुसाबाहेरच्या माणसाची पाण्यासाठी दुहेरी कोंडी होते, एकदा निसर्गाकडून आणि एकदा गावाकडून. त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दोन दलित स्त्रियांची विटंबना झाली. पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात संपूर्ण दलित वस्तीवर बहिष्कार घातला गेला. देशभरातल्या अत्याचारांची नोंद करणारा इळयापेरुमाळ समितीचा अहवाल संसदेत येऊन पडला होता आणि रिपब्लिकन पक्षाचे नेते गटबाजीत गुंतले होते.

मुंबईत २९ मे १९७२ रोजी नामदेव ढसाळ आणि ज. वि. पवार यांनी संघटना काढायचे ठरवले. नाव ओकलंडवरून घेतले. ९ जुलैला कामाठीपुऱ्यातल्या सिद्धार्थनगरात जाहीर सभा झाली. राजा ढाले, अर्जुन डांगळे, अविनाश महातेकर, भाई संगारे, लतिफ खाटिक अशी मंडळी आघाडीवर होती, आणि त्यातले अनेक जण कवी किंवा लेखक होते. जगात कवींनी काढलेल्या राजकीय संघटना फार नसाव्यात. कवींची संघटना असण्याचे फायदे होते तसे तोटेही होते, ते पुढे दिसले. १५ ऑगस्टला स्वातंत्र्याची पंचविशी साजरी होत असताना पँथरने काळा स्वातंत्र्यदिन पाळला. ‘साधना’च्या विशेषांकातील ढाले यांच्या त्याच नावाच्या लेखाने महाराष्ट्र हादरला. दलित स्त्रीच्या अब्रूला कायदा देतो त्याहून जास्त किंमत राष्ट्रध्वजाच्या अवमानाला देतो, हा त्यांचा सवाल होता. वाद त्यातल्या भाषेवर झाला, ब्राह्मणगाव तसेच राहिले. ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा संग्रहही त्याच वर्षीचा.

१९७३ चा जाहीरनामा आज पुन्हा काढून वाचावा असा आहे. त्यात दलित म्हणजे अनुसूचित जाती-जमाती आणि नवबौद्ध तर आहेतच; शिवाय श्रमिक, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि धर्माच्या नावाखाली नागवली जाणारी सगळी माणसे आहेत. अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी आणि ब्लॅक पँथरशी आपले नाते त्यात उघडपणे सांगितले आहे. कागदावर ही व्याख्या लाउंड्सच्या कुळापर्यंत आणि लोह्याच्या सालगड्यापर्यंत पोहोचणारी होती. संघटनेत मात्र तिच्यावरूनच भांडण लागले. एका बाजूला हा साम्यवाद झाला, बुद्ध आणि बाबासाहेब कुठे गेले, असे ढाले गटाचे म्हणणे. दुसऱ्या बाजूला जमीन आणि मजुरी सोडून जात कशी मोडणार, असे ढसाळांचे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, म्हणूनच तोडगा निघाला नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. जाहीरनाम्यात असलेल्या स्त्रिया संघटनेच्या व्यासपीठावर जवळपास दिसत नाहीत. ओकलंडच्या पँथरमध्ये १९७४ ते १९७७ पक्षाचे नेतृत्व इलेन ब्राउन या स्त्रीकडे होते. तिथेही पुरुषी वागणुकीच्या तक्रारी होत्याच. आपल्याकडे पँथरच्या घराची आतली बाजू कळायला ढसाळांच्या पत्नी मलिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ या आत्मकथनाची वाट पाहावी लागली.

मुंबईतले पुढचे प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. जानेवारी १९७४ मध्ये पँथरने मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर बहिष्कार जाहीर केला. ५ जानेवारीला वरळीच्या सभेवर हल्ला झाला, बीडीडी चाळींत दंगल पेटली. १० तारखेच्या मोर्चावर वरून दगड आला आणि भागवत जाधव हा तरुण गेला. त्या निवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पडले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपूरला ढसाळांना संघटनेतून काढण्यात आले आणि ७ मार्च १९७७ रोजी ढाले आणि ज. वि. पवार यांनी संघटना बरखास्त केल्याचे जाहीर केले. जेमतेम पाच वर्षांचे हे आयुष्य.

बरखास्ती मराठवाड्याने मानली नाही. अरुण कांबळे, रामदास आठवले, औरंगाबादचे गंगाधर गाडे, प्रीतमकुमार शेगावकर यांनी १९७७ मध्येच भारतीय दलित पँथर या नावाने काम पुन्हा उभे केले, आणि केंद्र मुंबईहून औरंगाबादकडे सरकले. गाडे यांनी त्याच वर्षी मागणी केली की १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे. ज्या गावी बाबासाहेबांनी मिलिंद उभे केले, त्या गावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव हवे, इतकी साधी मागणी. पँथरच्या मुंबईतल्या कार्यक्रमांत एवढी साधी, गावातल्या म्हातारीलाही एका वाक्यात सांगता येईल अशी मागणी कधीच नव्हती.

२७ जुलै १९७८ रोजी शरद पवारांच्या सरकारने दोन्ही सभागृहांत नामांतराचा ठराव मंजूर करून घेतला. त्याच सुमारास मराठवाडा पेटला. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत सर्वांत जास्त. दलित वस्त्या जळाल्या, विहिरी नासवल्या गेल्या, कामावर घेणे बंद झाले. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारून टाकले. जयभीम म्हणणे सोडून द्यावे, ही मारणाऱ्यांची अट होती. पोचिराम मातंग समाजातले होते. ‘नामांतर म्हणजे फक्त बौद्धांचा हट्ट’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे. सुगावचे जनार्दन मवाडेही याच वणव्यात गेले.

विरोध करणारे सगळे गुंड नव्हते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंग भोगलेली गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव यांच्यासारखी माणसे नामांतराच्या विरोधात उभी राहिली. मराठवाडा या नावात आमची अस्मिता आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या त्यागाबद्दल शंका नाही. पण खेड्यात काठी घेऊन निघालेल्या माणसाला त्या अस्मितेशी देणेघेणे नव्हते. काल आपल्या बांधावर वाकणारा माणूस आज कॉलेजात जातो, नोकरीतल्या राखीव जागा घेतो, मेलेले ढोर ओढायला नकार देतो आणि गायरानावर नांगर धरतो, हे त्याला खुपत होते. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहांनी, १९५९ आणि १९६४ साली, मराठवाड्यात जमिनीची मागणी रुजवली होती. १९७८ मध्ये त्या सगळ्याचा हिशेब झाला. लाउंड्समध्ये मतदार यादीत नाव घातले म्हणून घर गेले, टेंभुर्णीत एका शब्दासाठी जीव गेला. दोन्हीकडे दुखणे एकच होते, मजूर सरळ उभा राहिला याचे.

त्यानंतर सोळा वर्षे गेली. सत्याग्रह, तुरुंग, १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून निघालेला लाँग मार्च. मराठवाड्याच्या वेशींवर पँथरचे निळे फलक या वर्षांतच उभे राहिले. लोहा तेव्हा कंधार तालुक्यात होते, आणि माळेगावच्या यात्रेला जाणारा माणूसही त्या फलकांजवळून जात असे. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे या पँथरने स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी, पुन्हा शरद पवारांच्याच काळात, नामांतराऐवजी नामविस्तार झाला : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. त्याचे पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे. काळ्या लेखकांवर मराठीत पुस्तक लिहिणारा माणूस नामांतरात सर्वाधिक पोळलेल्या जिल्ह्यांपैकी एकातल्या विद्यापीठाचा पहिला कुलगुरू होतो, याची दखल तेव्हा वृत्तपत्रांनी फारशी घेतली नाही.

तोवर भारतीय दलित पँथर संघटना म्हणून उरली नव्हती. रिपब्लिकन ऐक्याच्या वेळी ती पक्षात विलीन झाली आणि १९९० मध्ये आठवले राज्याचे मंत्री झाले. लाउंड्सचे जॉन ह्यूलेट १९७० मध्येच शेरीफ म्हणून निवडून आले होते. निवडणुकीच्या निशाणीपासून सुरू झालेला पँथर दोन्ही देशांत सत्तेच्या खुर्चीपर्यंत गेला आणि दोन्हीकडे जमीन जिथल्या तिथे राहिली. पानतावणे २००९ साली पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ते संमेलन कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात भरले, ओकलंडपासून तासाभराच्या अंतरावर.

टेंट सिटी जिथे होती तिथे आता अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने माहिती केंद्र बांधले आहे. तंबूत राहिलेल्या कुटुंबांच्या आठवणी, छायाचित्रे, मतदार नोंदणीचे कागद तिथे पाहायला मिळतात. आपल्या लोहा-कंधार भागात १९७७ ते १९९४ या काळातील पत्रके, अटकेची कागदपत्रे, सभेच्या पावत्या, पँथरच्या शाखेच्या वर्गणीची वही, जळालेल्या घरांचे पंचनामे ज्यांच्या ट्रंकेत असतील त्यांनी मूळ कागद जपून ठेवावेत आणि झेरॉक्स प्रती संपादक मंडळाकडे द्याव्यात. ज्या बायांनी त्या दिवसांत पोरे सांभाळून वस्ती राखली, त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून दिल्या तरी चालतील. पुढच्या स्मरणिकेत निम्मी पाने त्यांच्यासाठी ठेवली आहेत.